विश्लेषण : एकही सामना न खेळता गाजलेला क्लब… ‘एंजल सिटी’ने महिला फुटबॉलचे आर्थिक गणित कसे बदलले?

लॉस एंजेलिसमधील २२ हजार आसनांचे बँक ऑफ कॅलिफोर्निया स्टेडियम २९ एप्रिल २०२२ रोजी तुडुंब भरले होते. ‘एंजल सिटी एफसी’ या नव्या महिला फुटबॉल क्लबचा अमेरिकेच्या नॅशनल विमेन्स सॉकर लीगमधील (एनडब्ल्यूएसएल) हा पहिलाच सामना होता. सुरुवातीच्या काही मिनिटांतच कॅनडाची बचावपटू व्हनेसा गिल्स हिने क्लबसाठी लीगमधील पहिला गोल केला. पाठोपाठ जपानच्या जुन एन्डोने दुसरा गोल नोंदवला आणि नॉर्थ कॅरोलिना करेजवर २-१ असा विजय मिळाला. मात्र, या क्लबची खरी कहाणी मैदानाबाहेर त्याआधी दोन वर्षे सुरू झाली होती. हॉलीवूडमधील अभिनेत्री, तंत्रज्ञान क्षेत्रातील गुंतवणूकदार आणि माजी विश्वविजेत्या खेळाडूंनी एकत्र येऊन उभारलेल्या या क्लबला अवघ्या चार वर्षांत २५ कोटी डॉलरचे मूल्यांकन मिळाले. लीगचे विजेतेपद मात्र या काळात मिळाले नाही. हे कसे घडले, याचा आढावा.

लॉस एंजेलिसला क्लब मिळण्यास इतका उशीर का झाला?

महिला फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या सामन्यांपैकी एक लॉस एंजेलिसच्या शेजारीच झाला होता. पॅसाडेना येथील रोझ बोल स्टेडियमवर १० जुलै १९९९ रोजी अमेरिका आणि चीन यांच्यातील विश्वचषकाचा अंतिम सामना ९० हजार १८५ प्रेक्षकांनी पाहिला. ब्रँडी चॅस्टेनच्या निर्णायक पेनल्टीने अमेरिका जगज्जेती ठरली. या यशाच्या जोरावर २००१ मध्ये ‘डब्ल्यूयूएसए’ ही महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली. परंतु खर्च आणि उत्पन्नाचा मेळ बसला नाही. तीन हंगामांत सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाल्यावर सप्टेंबर २००३ मध्ये, पुढच्या विश्वचषकाला काही दिवस उरले असताना, ती बंद पडली. या लीगमध्ये सॅन डिएगो आणि सॅन होजे या कॅलिफोर्नियातील शहरांचे संघ होते. लॉस एंजेलिसचा नव्हता.

‘डब्ल्यूपीएस’ ही दुसरी लीग २००९ मध्ये सुरू झाली, तेव्हा ‘लॉस एंजेलिस सोल’ हा संघ अस्तित्वात आला. ब्राझीलची मार्ता या संघातून खेळत होती. साखळी फेरीत सोल अव्वल राहिला आणि अंतिम सामन्यात स्काय ब्लू एफसीकडून ०-१ असा हरला. मात्र, मूळ मालकांनी अंग काढून घेतल्यावर नवा खरेदीदार मिळाला नाही आणि एका हंगामानंतर, जानेवारी २०१० मध्ये हा संघ गुंडाळण्यात आला. जगातील अव्वल खेळाडू आणि गुणतालिकेतील पहिले स्थान हाताशी असूनही क्लब तगला नाही, हा अनुभव पुढे बराच काळ गुंतवणूकदारांना बिचकवणारा ठरला. २०१३ मध्ये सध्याची एनडब्ल्यूएसएल सुरू झाली, त्यानंतरची नऊ वर्षेही या महानगराचा संघ लीगमध्ये नव्हता.

क्लबची कल्पना कुणाची?

ऑस्करविजेती अभिनेत्री नॅटली पोर्टमन, साहसवित्त क्षेत्रातील गुंतवणूकदार कारा नॉर्टमन आणि करमणूक व व्हिडिओ गेम उद्योगात काम केलेल्या ज्युली उरमन या तिघी क्लबच्या संस्थापक. लैंगिक छळ आणि वेतनातील भेदभावाविरोधात हॉलीवूडमध्ये सुरू झालेल्या ‘टाइम्स अप’ मोहिमेत पोर्टमन सक्रिय होत्या. त्याच सुमारास अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाचा समान वेतनाचा लढा तीव्र झाला होता. या खेळाडूंनी ८ मार्च २०१९ रोजी, म्हणजे जागतिक महिला दिनीच, आपल्याच राष्ट्रीय महासंघाविरोधात न्यायालयात धाव घेतली. पुढच्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या अमेरिका-बेल्जियम सामन्याला पोर्टमन आणि त्यांच्या सहकारी अभिनेत्री खेळाडूंना पाठिंबा देण्यासाठी उपस्थित राहिल्या. तो सामना ज्या स्टेडियमवर झाला, तेच पुढे एंजल सिटीचे घरचे मैदान ठरले.

आपला मुलगा मेसीइतक्याच कौतुकाने मेगन रॅपिनो आणि अॅलेक्स मॉर्गन यांच्याकडे पाहतो, हे लक्षात आल्यावर या खेळाची ताकद उमगली, असे पोर्टमन यांनी अनेकदा सांगितले आहे. लॉस एंजेलिसमध्ये संघ आणण्याची कल्पना त्यांनी नॉर्टमन यांच्यापुढे मांडली. व्यवसाय उभारणीचा अनुभव असलेल्या उरमन त्यानंतर जोडल्या गेल्या आणि क्लबच्या अध्यक्ष झाल्या. तिघींपैकी कुणालाही क्रीडा क्लब चालवण्याचा पूर्वानुभव नव्हता. नवी कंपनी जशी उभारतात, तसाच हा क्लब त्यांनी उभारला. बाजारपेठ कुठे आहे आणि ती आजवर कुणाच्या नजरेतून सुटली, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

गुंतवणूकदार कोण होते?

२१ जुलै २०२० रोजी क्लबची अधिकृत घोषणा झाली. करोनाचा कहर सुरू होता आणि बहुतेक स्टेडियम ओस पडली होती. अशा वेळी जाहीर झालेल्या मालकांच्या यादीने सर्वांचे लक्ष वेधले. ‘रेडिट’चे सहसंस्थापक अॅलेक्सिस ओहानियन हे प्रमुख गुंतवणूकदार होते. त्यांच्या पत्नी, टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांच्यासह त्यांची तीन वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी ऑलिंपियाही भागधारक होती. मिया हॅम, ज्युली फाउडी, अॅबी वॉम्बाक, जॉय फॉसेट अशा अमेरिकेच्या १४ माजी राष्ट्रीय खेळाडू यात सहभागी झाल्या. इव्हा लाँगोरिया, जेनिफर गार्नर, जेसिका चॅस्टेन, अमेरिका फेरेरा, उझो अडुबा या अभिनेत्री आणि भारतीय वंशाच्या कॅनडियन यूट्यूबर लिली सिंग यांचाही समावेश होता. बिली जीन किंग यांच्यासारख्या दिग्गज नंतर सामील झाल्या.

अमेरिकेतील बहुतेक व्यावसायिक संघ एखादा धनाढ्य उद्योजक किंवा त्याच्या कुटुंबाच्या मालकीचे असतात. इथे मात्र बहुसंख्य महिला असलेला मोठा गट मालक होता. शहराच्या नावाचा अर्थच देवदूतांशी जोडलेला असल्याने ‘एंजल सिटी’ हे नाव सुरुवातीला तात्पुरते वापरण्यात आले होते. चाहत्यांना ते इतके भावले, की काही महिन्यांतच तेच कायम करण्यात आले.

‘१० टक्के’ सूत्र काय होते?

एंजल सिटीने प्रायोजकांपुढे वेगळा प्रस्ताव ठेवला. प्रायोजकत्वाच्या प्रत्येक कराराच्या मूल्यातील १० टक्के वाटा लॉस एंजेलिसमधील सामाजिक कामासाठी वापरला जाईल आणि ते काम प्रायोजकाच्या सहभागाने ठरेल, असे हे सूत्र होते. खाद्यपदार्थ घरपोच देणारी ‘डोअरडॅश’ ही कंपनी जर्सीवरील मुख्य प्रायोजक झाली. तिच्या करारातील वाटा शहरातील गरजूंपर्यंत जेवण पोहोचवण्यासाठी राखला गेला. मुलींना खेळाचे साहित्य आणि प्रशिक्षण, शाळांना मदत अशी कामे इतर करारांतून उभी राहिली.

हे निव्वळ दानधर्माचे धोरण नव्हते. महिला संघाच्या जर्सीवर नाव झळकवण्यासाठी कंपन्या फार पैसे मोजत नाहीत, हा आजवरचा अनुभव होता. उरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाव कमी करण्याऐवजी वाढवला आणि त्या बदल्यात कंपनीला शहरात सांगता येईल असे काम दिले. परिणामी, पहिला सामना होण्यापूर्वीच सुमारे साडेतीन कोटी डॉलरचे प्रायोजकत्व गोळा झाले. १५ हजारांहून अधिक चाहत्यांनी पूर्ण हंगामाची तिकिटे आगाऊ घेतली. ‘रिबेलियन ९९’सारखे चाहत्यांचे गट क्लबकडे एकही खेळाडू नसताना कामाला लागले होते. या गटाच्या नावातील ९९ हा आकडा रोझ बोलवरील त्या विश्वविजयाची आठवण सांगणारा आहे.

खेळाडूंसाठीही क्लबने एक वेगळी योजना आणली. तिकीटविक्रीच्या निव्वळ उत्पन्नातील एक टक्का रक्कम क्लबच्या प्रसिद्धीत सहभागी होणाऱ्या खेळाडूंमध्ये वाटली जाणार होती. रक्कम फार मोठी नव्हती. पण स्टेडियम भरले तर त्याचा वाटा खेळाडूलाही मिळावा, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

लीगची तेव्हा अवस्था काय होती?

एंजल सिटीची तयारी सुरू असतानाच एनडब्ल्यूएसएल मोठ्या संकटात सापडली. काही प्रशिक्षकांनी खेळाडूंवर केलेल्या लैंगिक आणि मानसिक अत्याचारांच्या तक्रारी २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस चव्हाट्यावर आल्या. खेळाडूंच्या दबावामुळे एका आठवड्याचे सामने पुढे ढकलावे लागले आणि लीगच्या आयुक्त लिसा बेअर्ड यांनी राजीनामा दिला. तक्रारी आधीही झाल्या होत्या. त्या वेळीच ऐकल्या गेल्या नव्हत्या, हे पुढील चौकशांमध्ये स्पष्ट झाले.

पगाराची स्थितीही बिकट होती. २०२१ मध्ये लीगमधील किमान वार्षिक वेतन २२ हजार डॉलर होते. लॉस एंजेलिससारख्या महागड्या शहरात एवढ्या पैशात घरभाडे भागवणेही अवघड. अनेक खेळाडू जोडीला दुसरे काम करत. २०२२ च्या सुरुवातीला खेळाडू संघटना आणि लीग यांच्यात पहिला सामूहिक करार झाला आणि किमान वेतन ३५ हजार डॉलरवर गेले. त्याच फेब्रुवारीत राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंनी महासंघाशी २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड करून समान वेतनाचे आश्वासन मिळवले. एंजल सिटीचे पहिले पाऊल नेमके या वळणावर पडले. त्यामुळे या क्लबकडे केवळ नवा संघ म्हणून नव्हे, तर खेळाडूंना वेगळी वागणूक देता येते का याची चाचणी म्हणून पाहिले गेले.

संघबांधणी आणि पहिला हंगाम कसा होता?

विश्वविजेत्या अमेरिकी संघातील आघाडीपटू क्रिस्टन प्रेस ही ऑगस्ट २०२१ मध्ये क्लबची पहिली खेळाडू ठरली. ती मूळची लॉस एंजेलिस परिसरातीलच. त्याच महिन्यात इंग्लंडच्या फ्रेया कूम्ब यांची प्रशिक्षकपदी निवड झाली. याच शहरात वाढलेली न्यूझीलंडची अॅली रायली, गिल्स, एन्डो अशा खेळाडू आल्या. मार्च २०२२ मध्ये चॅलेंज चषकात सॅन डिएगो वेव्ह या दुसऱ्या नव्या संघाविरुद्धचा पहिला अधिकृत सामना १-१ असा बरोबरीत सुटला.

स्टेडियममधील चित्र विलक्षण होते. पहिल्या हंगामात घरच्या सामन्यांना सरासरी १९ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. लीगमधील हा सर्वोच्च आकडा होता. त्या वर्षी संपूर्ण लीगची सरासरी आठ हजारांच्या आसपास होती. मैदानावर मात्र दुखापतींनी संघाला घेरले. बचावपटू सारा गॉर्डन हंगामापूर्वीच गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर पडली. जूनमध्ये प्रेसच्याही गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तिला मैदानावर परतण्यासाठी चार शस्त्रक्रिया आणि दोन वर्षांहून अधिक काळ लागला. २२ सामन्यांत आठ विजय, पाच बरोबरी आणि नऊ पराभव अशी कामगिरी करत संघ १२ संघांत आठवा आला. बाद फेरीसाठी पहिल्या सहा संघांत येणे आवश्यक होते.

याउलट, सॅन डिएगो वेव्हने माजी विश्वविजेत्या प्रशिक्षक जिल एलिस यांच्याकडे कारभार सोपवला, अॅलेक्स मॉर्गनला संघात घेतले आणि पहिल्याच वर्षी तिसरे स्थान पटकावले. पुढच्या वर्षी साखळी फेरीत अव्वल स्थानही मिळवले. दोन्ही क्लब एकाच वेळी, एकाच राज्यात सुरू झाले. एकाने सुरुवात ब्रँडपासून केली, दुसऱ्याने फुटबॉलच्या जाणकारांपासून.

दुसऱ्या वर्षी काय बदलले?

जानेवारी २०२३ मधील ‘ड्राफ्ट’मध्ये एंजल सिटीने पहिल्या क्रमांकावर १८ वर्षांच्या अलिसा थॉम्पसनची निवड केली. थेट शालेय फुटबॉलमधून निवडली गेलेली ती लीगमधील पहिलीच खेळाडू. ती लॉस एंजेलिसचीच. आपल्याच शहरात व्यावसायिक फुटबॉलपटू होण्याचा मार्ग आधीच्या पिढीतील मुलींना उपलब्ध नव्हता. तिला तो मिळाला. पदार्पणाच्या लीग सामन्यातच तिने गोल केला.

पण निकाल हाती येत नव्हते. पहिल्या ११ सामन्यांत केवळ दोन विजय मिळाल्यावर जूनमध्ये कूम्ब यांना हटवण्यात आले. हंगामी प्रशिक्षक बेकी ट्वीड यांच्या हाताखाली संघ सावरला. ऑक्टोबरमध्ये अखेरच्या साखळी सामन्यात पोर्टलंड थॉर्न्सला ५-१ असे नमवून एंजल सिटीने पाचवे स्थान मिळवले आणि प्रथमच बाद फेरी गाठली. तेथे ओएल रेनने अखेरच्या टप्प्यातील एकमेव गोलच्या जोरावर त्यांना रोखले. त्याच वर्षी एचबीओवर क्लबच्या पहिल्या हंगामावरील तीन भागांचा माहितीपट प्रदर्शित झाला.

मालकांमध्ये मतभेद का झाले?

उत्पन्न लीगमध्ये आघाडीवर असले तरी खर्चही तितकाच मोठा होता. क्लब किती वेगाने आणि कशावर पैसे खर्च करतो, नेतृत्वाची पुढची दिशा काय, यावरून ओहानियन आणि इतर संचालक यांच्यातील मतभेद २०२४ मध्ये माध्यमांतून उघड झाले. ओहानियन सर्वांत मोठे भागधारक होते. पण संचालक मंडळावर त्यांचे निर्विवाद नियंत्रण नव्हते. अनेक मालकांची जी रचना क्लबची ओळख होती, तीच आता निर्णयप्रक्रियेत अडसर ठरू लागली.

अखेर नियंत्रण असलेला मालक शोधण्याचा निर्णय झाला. साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अॅननबर्ग पत्रकारिता आणि संज्ञापन संस्थेच्या अधिष्ठाता विलो बे आणि त्यांचे पती, डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनी जुलै २०२४ मध्ये क्लबचे नियंत्रण घेण्याचा करार जाहीर केला. क्लबचे मूल्य २५ कोटी डॉलर ठरवण्यात आले आणि पुढील वाढीसाठी आणखी पाच कोटी डॉलर गुंतवण्याचे दाम्पत्याने मान्य केले. त्या वेळी जगातील कोणत्याही महिला क्रीडा संघाला मिळालेले हे सर्वोच्च मूल्यांकन मानले गेले. संस्थापक तिघी भागधारक म्हणून राहिल्या. मंडळाची सूत्रे मात्र बे यांच्याकडे गेली.

वेतनमर्यादेचे प्रकरण काय होते?

मालकी बदलल्यानंतर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, लीगने एंजल सिटीवर कारवाई केली. क्लबने पाच खेळाडूंशी लीगला न कळवता स्वतंत्र लेखी समझोते केल्याचे आणि त्यामुळे वेतनमर्यादा ओलांडली गेल्याचे चौकशीत आढळले. सर्व संघांत समतोल राहावा यासाठी खेळाडूंच्या एकूण वेतनावर लीगने मर्यादा घातलेली असते. २०२४ साठी ती २७ लाख ५० हजार डॉलर होती. क्लबला दोन लाख डॉलर दंड झाला आणि त्याचे तीन गुण कापण्यात आले. हंगामाच्या शेवटी संघ १४ संघांत बारावा होता.

कोट्यवधींचे प्रायोजकत्व मिळवणाऱ्या क्लबला खेळाडूंवर मात्र ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, हा विरोधाभासही या निमित्ताने समोर आला. क्लबचे उत्पन्न वाढले की चांगले खेळाडू आपोआप येतात, हे युरोपातील समीकरण अमेरिकेत लागू पडत नाही. इथे यश मिळवायचे तर मर्यादेच्या आत राहून अचूक निवड करणारी फुटबॉल यंत्रणा लागते. एंजल सिटीची उणीव नेमकी तिथेच होती.

या क्लबमुळे इतरांसाठी काय बदलले?

एंजल सिटी लीगमध्ये आला तेव्हा नव्या संघाचे प्रवेशशुल्क २० ते ५० लाख डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले जाते. एप्रिल २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘बे एफसी’ने त्यासाठी ५ कोटी ३० लाख डॉलर मोजले. जानेवारी २०२५ मध्ये डेन्व्हरच्या संघासाठी हा आकडा ११ कोटी डॉलरवर गेला. संस्थापक नॉर्टमन यांनी पुढे केवळ महिला क्रीडा क्षेत्रात गुंतवणूक करणारा १० कोटी डॉलरचा निधी उभारला.

महिलांचे सामने कुणी पाहत नाही म्हणून पैसा नाही आणि पैसा नाही म्हणून संघ टिकत नाही, हे चक्र २००३ आणि २०१० मध्ये अनेकांनी गृहीत धरले होते. आधी खर्च करा, योग्य स्टेडियम निवडा, तिकिटाला आणि जर्सीला रास्त भाव लावा, मग प्रेक्षक येतात, हे एंजल सिटीने दाखवून दिले. लॉस एंजेलिस सोलकडे गुणतालिकेतील पहिले स्थान होते, पण मालक नव्हता. एंजल सिटीकडे मालक, प्रेक्षक आणि पैसा तिन्ही आहे. २०२४ अखेरपर्यंत या संघाने बाद फेरीतील एकही सामना जिंकलेला नव्हता. नव्या मालकांच्या पाच कोटी डॉलरची खरी कसोटी तिथेच लागणार आहे.